ज्यानं पाहिलं, त्यानं हात लावू नये

टॅनर्स बे गावात पाण्याचे नळ जमिनीखालून नेमके कुठून जातात हे दोन वर्षं कुणालाच धड माहीत नव्हतं. याचा दोष ग्लेनिस पॅस्कोच्या माथी मारता आला असता, पण गावानं तो मारला नाही. टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर माणसं आधी चहा पुढे करतात, आणि चहा संपेपर्यंत विषय वाऱ्यावादळाकडे वळलेला असतो.

ग्लेनिस एकसष्ट वर्षांची, नगरपालिकेत नकाशे काढणारी. गावाचे नळ, गटारं, झाकणं, सगळं तिनं एकोणीस वर्षांत तीनशे चाळीस नकाशांवर उतरवलं होतं, आणि ते सगळे नकाशे कॉर्बेल नावाच्या बलाढ्य कंपनीच्या प्रोग्रॅमवर काढले होते. मग कॉर्बेलनं तो प्रोग्रॅम बंद केला. बंद केला म्हणजे नवा विकायचं थांबवलं एवढंच नाही. विकलेलाही उघडेना. सुरू होताना तो कंपनीच्या यंत्राला 'उघडू का' असं विचारायचा, आणि एका जुलैपासून पलीकडून उत्तरच येईना. कागदावर छापलेले नकाशे नगरपालिकेनं आदल्याच वर्षी, आता सगळं संगणकात आहे म्हणून, कचराडेपोत धाडले होते. या निर्णयाला ग्लेनिसनं विरोध केला होता आणि तो सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला आहे. इतिवृत्त मात्र उघडतं.

तरी गावाचं नशीब बरं म्हणायचं, कारण ही बाई सतरा वर्षांपासून फावल्या वेळात स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहीत होती. त्याचं नाव लिंपेट. लिंपेट ही खडकाला चिकटून बसणारी शिंपली. लाटा येतात, जातात, ती तिथंच. या लिंपेटचं काम एकच, कॉर्बेलच्या फायली कॉर्बेलशिवाय उघडायच्या. तो मुक्त होता, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, फुकट वाटावा. कॉर्बेलनं आपल्या फायलींची आतली रचना कधी कुणाला सांगितली नव्हती. त्यामुळे ग्लेनिस बाहेरूनच चाचपडत आली होती. एक रेघ काढायची, फाइल जतन करायची, आत कुठला आकडा बदलला ते बघायचं. पुन्हा एक रेघ. अशी सतरा वर्षं. जगभरातली शंभरेक गावं आणि बेटं आपले जुने नकाशे लिंपेटवरच उघडत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ग्लेनिस ही एखादी संस्था आहे असं वाटायचं.

सरळ रेघा लिंपेटला बिनचूक कळत. अक्षरं कळत, रंग कळत. कळत नव्हती ती वळणं. वळणाची दोन टोकं बरोबर यायची, पण मधला फुगवटा किती आणि कुठल्या अंगाला, हे काही केल्या जमेना. टॅनर्स बेच्या नकाशांत अशी चारशे बारा वळणं होती. काढली तिनंच होती, पण चारशे बारा वळणं कुणाच्या लक्षात राहतात? लिंपेटमधून छापलेल्या कागदावर एक नळ मेथडिस्ट चर्चच्या वेदीखालून गेला होता आणि दुसरा समुद्राला वळसा घालून परत आला होता.

हे कागद घेऊन खड्डे खणायचं काम नेव्ह हॉलीकडे होतं. नेव्ह पाणीपुरवठ्याचा प्लंबर. एका सकाळी तो खड्ड्यात छातीएवढा उभा होता आणि वर ग्लेनिस.

"ग्लेन, तुझ्या कागदावर नळ इथं आहे," तो म्हणाला. "खाली नुसती माती आहे."

"दिसतंय मला."

"चांगली माती आहे तशी. बटाटे होतील."

अकरा खड्ड्यांत त्याला नळाचं वळण सापडलं ते एकदाच, शाळेच्या कोपऱ्यावर. त्यानं रस्त्याच्या कडेपासून टेप लावून ते मोजलं, कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, आणि ग्लेनिसनं तो आकडा जपून ठेवला. वळणाबद्दल खात्रीची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती.

आता लिंपेटच्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. नियम ग्लेनिसनं स्वतः लिहिलेला होता आणि प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला होता. ज्यानं कॉर्बेलचा कोड डोळ्यांनी पाहिला, त्यानं लिंपेटला हात लावू नये. सल्ला देऊ नये, खूण करू नये, हो किंवा नाही म्हणू नये. बाहेरच्यांना हा सोवळेपणा वाटतो. पण या लोकांचा तो जीव की प्राण. बाहेरून चाचपून शोधलं तर ते तुमचं. आत डोकावून शोधलं तर ती चोरी, आणि मग कंपनी कोर्टात जाऊन अख्खा प्रोग्रॅम पुसायला लावते. कॉर्बेलनं दोनदा नोटिसा पाठवल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांचे वकील नियमाचं ते पान वाचून मुकाट परत गेले होते.

नियम कागदापुरता नव्हता. ॲडलेडचा इम्रे म्हणून एक फार हुशार माणूस लिंपेटवर काम करायचा. एकदा बोलता बोलता तो सांगून गेला की पूर्वी चार महिने तो कॉर्बेलमध्ये नोकरीला होता. ग्लेनिसनं त्याच दिवशी त्याला काढलं आणि त्याचं दोन वर्षांचं काम पुसून टाकलं. इम्रेनं नाताळचं कार्ड पाठवायचं थांबवलं. ग्लेनिस अजून पाठवते.

तर अशात कॉर्बेलला नवा मुख्याधिकारी मिळाला आणि त्यानं जाहीर केलं की कंपनी आता मुक्त सॉफ्टवेअरवर प्रेम करते. हे त्यानं मोठ्या पडद्यासमोर उभं राहून सांगितलं आणि पडद्यावर बदामाचं चित्र होतं. सिडनीच्या कार्यालयात एक समुदाय-स्नेह विभाग उघडला गेला. विभागात एकच माणूस होता, कॉन ड्रॅकोस. त्यानं ग्लेनिसला निमंत्रण दिलं: सिडनीला या, आमच्या वार्षिक मेळाव्यात दोन शब्द बोला, तुमच्यासाठी एक आश्चर्य आहे.

ग्लेनिसनं लिंपेटच्या मंडळींना मेल लिहून विचारलं, जाऊ का? मंडळी म्हणजे चौदा माणसं, त्यातली काम करणारी दोन. एक ती स्वतः, दुसरा राविरी, न्यूझीलंडच्या गिझबर्नमध्ये शाळेत गणित शिकवणारा. तो तिला आंटी म्हणायचा, त्याच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. जा आंटी, त्यांचं जेवण जेव आणि परत ये. कशावर सही करू नकोस.

तिनं कशावरही सही केली नाही.

कॉन ड्रॅकोस तिला विमानतळावर घ्यायला आला तो लिंपेटचं चित्र छापलेला शर्ट घालून. शर्ट त्यानं पदरच्या पैशानं छापून घेतला होता. कॉलेजात असताना त्यानं लिंपेटच्या माहितीपत्रातली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती आणि ग्लेनिसनं तेव्हा लिहिलेलं 'आभारी आहे' त्याच्याजवळ अजून होतं. कंपनीचं प्रेम खरं की खोटं हा प्रश्न पुष्कळ लोक पुष्कळ पानं भरून चघळतात. कॉनच्या बाबतीत तो पडतच नाही. माणूस आरशासारखा स्वच्छ होता, आणि ग्लेनिसला पुढे त्याचाच जास्त त्रास झाला.

मेळावा मोठा होता. ग्लेनिस मंचावर गेली, तिनं सरळ रेघांबद्दल सहा मिनिटं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॉन पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ग्लेनिस, सतरा वर्षं तू आमच्या दाराबाहेर उभी राहिलीस," तो म्हणाला. "आज आम्ही काहीही लपवणार नाही. बघ."

आणि मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर कॉर्बेलचा कोड आला. नेमका वळणांचा.

ग्लेनिस चार सेकंद पडद्याकडे बघत होती. त्यातलं पहिलं सेकंद चुकून गेलं. उरलेली तीन तिनं स्वतःहून घेतली. सतरा वर्षं तहानलेल्या माणसापुढे तांब्या धरला तर तो आधी पाणी कुणाचं ते विचारत नाही, आणि पुढे या गोष्टीसाठी तिनं स्वतःला कितीही फैलावर घेतलं तरी मी तिला दोष देणार नाही. तीन सेकंदांत तिला सगळं कळलं. वर्तुळाचे तीनशे साठ नाही, चारशे भाग धरायचे, आणि वळण जिथं संपतं तिथून उलटं मोजत यायचं. या दोन्ही गोष्टी एकदम केल्या तरच फुगवटा जागेवर येतो. एकच केली तर आधीपेक्षा बिघडतो. म्हणून इतकी वर्षं सापडत नव्हतं. इतकं सोपं होतं ते.

मग तिनं पडद्याची खालची ओळ वाचली. फक्त पाहण्यासाठी. नक्कल, वापर व त्यावर आधारित कोणतंही काम करण्यास मनाई.

तिनं डोळे मिटले. तोवर फोटो निघाला होता. तो फोटो कॉर्बेलच्या संकेतस्थळावर पुढे कित्येक महिने होता: पडद्याकडे बघणारी ग्लेनिस, तोंड अर्धवट उघडं, चेहऱ्यावर असा आनंद की तिच्या बहिणीनं तो बघून फोन केला आणि कुणी भेटलंय का, असं विचारलं.

परत आल्यावर तिनं मंडळींना पत्र लिहिलं. मी कॉर्बेलचा कोड पाहिला आहे, चार सेकंद, त्यातली तीन जाणूनबुजून. नियमाप्रमाणे मी आजपासून लिंपेटला हात लावणार नाही. तुमच्या मेल नोंदवून ठेवायचं काम तेवढं करीन, कारण त्याला अक्कल लागत नाही. मेळाव्याची चित्रफीत कुणी बघू नये; बघायचीच असेल तर एकोणिसाव्या मिनिटाला थांबावं. मग तिनं लिंपेटच्या पहिल्या पानावर, नियमाच्या वर, एक ओळ घातली: मूळ लेखिका बाजूला झाली आहे, वळणांचं काम थांबलं आहे.

गावात बातमी पोचायला दोन दिवस लागले. नेव्ह चिखलाच्या बुटांनिशी कार्यालयात आला.

"म्हणजे तुला आता ठाऊक आहे वळणं कशी मोजायची ते."

"आहे."

"मग घरी बस, पेन्सिल घे, गणित कर आणि मला सांग कुठं खणू. प्रोग्रॅमला हात लावूच नकोस. कोण बघतंय?"

"बघितलं मी, नेव्ह. तोच तर घोटाळा आहे. वापर करायला मनाई आहे, आणि तू खणलंस की तो वापरच झाला."

नेव्ह म्हणाला की त्याची आईही अशीच होती, आणि बारावा खड्डा खणायला गेला.

कॉनला हे सगळं समजलं तेव्हा त्याचा फोन आला. त्याला कळतच नव्हतं. त्यानं तर दार उघडलं होतं, आणि ही बाई त्यातून आत यायचं सोडून स्वतःच्याच घराबाहेर जाऊन उभी राहिली होती. कॉर्बेल तिच्यावर कधीही खटला भरणार नाही, हे तो शपथेवर सांगायला तयार होता. शपथ नको, लिहून दे, असं ती म्हणाली. लिहून द्यायला कायदा विभाग लागणार होता.

त्यानं खटपट केली, अगदी मनापासून केली. त्यानं अर्ज भरला की वळणांचा तेवढा भाग, साठ ओळी, कंपनीनं खरोखर मुक्त करावा. अर्ज अकरा जणांच्या समितीपुढे गेला. समिती वर्षातून एकदा बसते. पाच महिन्यांनी बसली. कॉन म्हणतो की तिथं कुणीही वाईट बोललं नाही. सगळे अर्जाच्या बाजूनंच होते. फक्त अर्जात एक रकाना होता: या मजकुराची गरज असलेल्या चालू प्रकल्पाचं नाव. कॉननं तिथं लिंपेट लिहिलं होतं. समितीनं लिंपेटचं पान उघडलं. मूळ लेखिका बाजूला झाली आहे, वळणांचं काम थांबलं आहे. समितीनं खेद व्यक्त केला आणि नोंद केली की सध्या या मजकुराची कुणाला गरज दिसत नाही. प्रकल्प पुन्हा सुरू झाल्यास पुढल्या वर्षी अर्ज करावा.

कॉननं हे पत्र फोनवर वाचून दाखवलं.

"मला लाज वाटते गं ग्लेनिस. मी तुझं भलं करायला गेलो होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "फार चांगलं जेवण होतं तुमचं."

ती त्याच्यावर चिडली नाही. चिडता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

हे सगळं ऐकल्यावर राविरीनं ठरवलं की वळणं आपणच शोधायची. त्यानं चित्रफीत पाहिलेली नव्हती, तो स्वच्छ होता. पण प्रयोग करायला कॉर्बेलचा जुना प्रोग्रॅम आता कुणाकडेच चालत नव्हता. हातात होत्या फक्त टॅनर्स बेच्या फायली आणि शाळेच्या कोपऱ्यावरचं, नेव्हनं मोजलेलं ते एक वळण. म्हणून त्यानं अंदाज बांधायला घेतले. आठवड्याला एक. रविवारी गणित करायचं, नेव्हच्या आकड्याशी ताडून बघायचं, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना मेल: अंदाज पहिला, असा असा, जुळला नाही.

नोंदीचं काम ग्लेनिसकडे. तिनं आपल्या उत्तराचे शब्द आधीच ठरवून टाकले होते, म्हणजे चुकूनही काही सुचवलं जायला नको. 'पत्र मिळालं. यादीत टाकलं.' चार शब्द. दर सोमवारी तेच चार शब्द, सकाळी अकराच्या आत. अंदाज मूर्खपणाचा असला तरी तेच, जवळपासचा असला तरी तेच. सातव्या आठवड्यात त्याला चारशे भाग सुचले. तरी चार शब्द अकराच्या आत गेले. एकट्या चारशेनं आधीपेक्षा बिघडलं आणि त्यानं ते सोडून दिलं. पंधराव्या आठवड्यात त्यानं उलटं मोजून पाहिलं. तेही बिघडलं. ग्लेनिसला रात्रीचं जेवण जाईना. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून तुमच्याच घरात तुमचा हरवलेला चष्मा शोधतंय आणि तुम्ही तोंडावर हात ठेवून बसलाय, असं तिचं चाललं होतं.

तेविसाव्या सोमवारी मेल आली. अंदाज तेविसावा: चारशे भाग, आणि शेवटाकडून उलटं, दोन्ही एकदम. नेव्हच्या आकड्याशी तीन मीटरचा फरक. जुळला नाही.

ग्लेनिसनं ती मेल परत परत वाचली. उत्तर बरोबर होतं. आणि उत्तर बरोबर असेल तर नेव्हचा आकडा चूक होता. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नेव्हनं टेप लावली ती शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेपासून, आणि तो रस्ता नकाशा काढल्यानंतर तीन मीटर रुंद केला होता. रुंद केल्याचा नकाशाही तिनंच काढला होता. आत्ता एवढंच लिहायचं, की बाबा, नेव्हनं नव्या कडेपासून मोजलंय, तर सगळी वळणं आज संध्याकाळपर्यंत जागेवर बसली असती. टॅनर्स बेची चारशे बारा, आणि जगात आणखी किती हजार असतील देव जाणे. पण ही दुरुस्ती तिला बावीस आठवडे सुचली नव्हती आणि आजच सुचली, ती का सुचली? तीन सेकंदांमुळे सुचली.

अकरा वाजून गेले. तिनं चार शब्द लिहिले, पुसले. चहा केला, तो थंड झाला. त्या दिवशी तिच्याच्यानं ते चार शब्द पाठवले गेले नाहीत. मंगळवारी सकाळी तिनं ते पाठवले.

दुपारी राविरीचा फोन आला. आधी तो आपल्या शाळेच्या रग्बीबद्दल बोलला. मग मुद्द्यावर आला.

"आंटी, एक विचारू? विचारायचं नसतं, ठाऊक आहे."

"मग विचारू नकोस."

"सोमवारचं उत्तर मंगळवारी आलं."

ग्लेनिस गप्प बसली, आणि गप्प बसल्याबरोबर तिच्या लक्षात आलं की गप्प बसणं हेही उत्तरच आहे. खरं सांगावं, की काल मला ते लिहवलं नाही, तर राविरीला कळणार. मग तोही तिच्यासारखाच पाहिलेला होणार, आणि तो सरळ माणूस असल्यामुळे संध्याकाळच्या आत स्वतःच पत्र लिहून बाजूला होणार. मग लिंपेटला कुणीच उरणार नाही. आणि खोटं बोललं तर हातात आलेलं उत्तर मातीत जाणार. ती आयुष्यात कमी खोटं बोलली होती. लिंपेटच्या मंडळींशी तर सतरा वर्षांत एकदाही नाही.

"दात काढायला गेले होते," ती म्हणाली. "बर्नीच्या डॉक्टरकडे. दिवसभर गेला."

पलीकडे राविरीनं सुस्कारा सोडला.

"असं होय. मला भलतंच वाटलं गं. रात्रभर झोपलो नाही. मला वाटलं... जाऊ दे. फार दुखतंय का?"

"दुखतंय."

"मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. बरं, मग तेविसाव्यावर काट मारतो."

"तुझं तू बघ."

"मारली. आणि वाईट नको वाटून घेऊस आंटी. सापडेल कधीतरी, जातंय कुठं?"

तिनं फोन ठेवला आणि ती रडली. कार्यालयात, भर दुपारी, दार उघडं असताना. नेव्ह सोळाव्या खड्ड्याचा कागद न्यायला आला होता. त्यानं दारातूनच तिला पाहिलं, आत येऊन चहाचं पाणी ठेवलं आणि यंदा वारा फार सुटलाय असं म्हणाला.

पुढच्या सोमवारी अंदाज चोविसावा आला. वर्तुळाचे सहाशे भाग, सुरुवातीकडून. तो इतका चुकलेला होता की तिला त्याचा राग आला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं उत्तर पाठवलं. पत्र मिळालं. यादीत टाकलं.